भोंगा का वाजला नाही

ठाणे, १० जून

प्राची,

तुझा कोळिकोडचा पत्ता कलावतीकाकूंकडून घेतला. आईवर चिडू नकोस, त्या द्यायलाच तयार नव्हत्या. "तिने सांगितलंय, जुन्या ऑफिसातल्या कुणालाही द्यायचा नाही," म्हणाल्या आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. मी म्हटलं, काकू, भांडायला मागत नाहीये, कामासाठी मागतेय. तेव्हा कुठे दिला. फोन आणि मेल तू बंद करून ठेवलेस, म्हणून हा कागद.

मी माफी मागायला लिहीत नाहीये आणि तुझ्याकडून मागून घ्यायलाही नाही. भर मीटिंगमध्ये तू मला "कॉपी-पेस्टवाली" म्हणालीस, आठवड्याभरात राजीनामा टाकून गेलीस आणि जाताना भेटलीही नाहीस. अकरावीपासूनची मैत्रीण. ते जे आहे ते राहू दे.

कामाचं सांगते. एप्रिलच्या शेवटी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वाळवणीच्या शेडमध्ये सॉल्व्हंटची गळती झाली. भिंतीवर आपलाच गॅस डिटेक्टर होता, तू लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालणारा. भोंगा वाजायला हवा होता. वाजला नाही. आत संदेश नावाचा मुलगा काम करत होता, तो बेशुद्ध सापडला. वाचलाय. पण छाती अजून धड नाही म्हणतात.

सर्वेशने कंपनीचा खुलासा तयार केलाय. त्यात एक वाक्य आहे: 'माजी कर्मचारी प्राची यांनी लिहिलेला आणि इतरांना न समजणारा प्रोग्रॅम सदोष होता.' त्याखाली मालक म्हणून त्याची सही आणि तांत्रिक प्रमुख म्हणून माझी. मी सही केली नाही. तो म्हणाला, "तुला तरी तो कोड कळतो का?" मी म्हटलं, नाही कळत. "मग?" मग काय? जे मला कळलेलं नाही ते सदोष आहे, असं मी लिहून देणार नाही. तुझी बाजू घेतेय असं समजू नकोस. तू दोषी निघालीस तर तेही मीच लिहीन.

तर एकच प्रश्न. तुझ्या मुख्य फाइलच्या शेवटी एकच ओळ आहे. पाच फंक्शन्सची नावं आणि प्रत्येक दोन नावांमध्ये एक टिंब. बस. मी इतकी वर्षं प्रोग्रॅम लिहितेय. आकडा कुठेतरी साठवायचा, लूप फिरवायचा, जर-तर तपासायचं, असं. तुझ्या ओळीत यातलं काहीच दिसत नाही. आकडा येतो कुठून आणि जातो कुठे? ही ओळ वाचायची कशी, एवढंच कळव.

रुचिता

डोंबिवली, २२ जून

प्राची,

काकू म्हणाल्या, पत्र पोचलंय. उत्तर नाही. ठीक आहे. मी वाट बघत बसलेले नाही.

तुझी फंक्शनल भाषा शिकायला घेतली. पहिले काही दिवस नुसता वैताग. एकदा ठेवलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही म्हणे! मग ठेवायचं कशाला, असं पुटपुटत बसायचे. ऑफिसात सर्वेश जाता-येता विचारायचा, "झाला का अभ्यास?" आणि मी मान खाली घालून वाचत राहायचे.

मग त्या टिंबापाशी आले. पुस्तकात लिहिलं होतं की हे टिंब म्हणजे गणितातलं संयुक्त फलन. मी वाचता वाचता थांबले. संयुक्त फलन! अकरावीत सर फळ्यावर जी, मध्ये पोकळ गोल आणि एफ असं लिहायचे आणि मागच्या बाकावरून आपण दोघी त्याला 'गोफ' म्हणायचो. परीक्षेत दोघींचंही ते गणित बरोबर आलेलं. म्हणजे हे मला येत होतं, प्राची. फक्त इथे हेच चाललंय हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता मला काय कळलंय ते लिहिते. चुकत असेल तर कळव, नाही कळवलंस तरी चालेल.

फंक्शन म्हणजे आत एक गोष्ट घेणार आणि बाहेर एक गोष्ट देणार. तेवढंच. इकडे तिकडे हात लावणार नाही. दोन फंक्शन्स जोडायची, तर पहिल्यातून बाहेर पडलेली गोष्ट दुसऱ्याला आत घेता आली पाहिजे. जोडली की तयार होतं ते पुन्हा एक फंक्शनच. त्याला आणखी एक जोडा. आकडा मध्ये कुठे साठवावा लागत नाही, कारण तो थांबतच नाही. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला.

आणि ओळ उजवीकडून वाचायची. मी डावीकडून वाचत होते. म्हणून मला वाटत होतं की तू आधी भोंग्याचा निर्णय घेतेस आणि नंतर गॅस मोजतेस. तुला वेड लागलंय, असं दोन दिवस खरंच वाटत होतं.

क्रमाचं गणितही करून बघितलं. एक फंक्शन दुप्पट करणारं, एक तीन मिळवणारं. पाच आत टाकले. आधी दुप्पट, मग तीन मिळवले: तेरा. आधी तीन मिळवले, मग दुप्पट: सोळा. फंक्शन्स तीच, क्रम उलटा, उत्तर वेगळं. दुपारी आई एका सुती साडीला फॉल लावायला बसली होती. आधी तिने फॉल पाण्यात भिजवून आटवून घेतला. मी विचारलं, आधी लावून मग धुतला तर? "मग साडीला चुण्या पडतील आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने ओरडेल," म्हणाली. दोन्ही कामं तिला नीटच येतात. पण उलट क्रमाने केली की साडी बिघडणार.

तुझ्या ओळीतली पाच फंक्शन्स अशी. नावं मी मराठीत लिहिते, मला सोपं पडतं. उजवीकडून: मोज, उघड, गाळ, सरासरी, ठरव. सेन्सरकडून येणाऱ्या करंटचा गॅसचा आकडा होतो तो मोजमध्ये. शेवटी भोंगा वाजवायचा की नाही हे ठरवमध्ये. मधल्या तिघांचं नक्की काय चाललंय ते आता बघते.

रुचिता

डोंबिवली, ६ जुलै

प्राची,

आज दिवा स्टेशनजवळ गेले होते, संदेशच्या घरी. सर्वेशला सांगून गेले नाही.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली पाण्याचा टँकर लागलेला आणि अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन उभी. एक बाई दोन कळशा घेऊन माझ्यापुढे जिना चढत होत्या. एक मी घेऊ का विचारलं तर नको म्हणाल्या. त्याच आवडाबाई निघाल्या, संदेशची आई. मी नाव आणि कंपनी सांगितली. त्यांनी कळशा खाली ठेवल्या.

"तुम्ही त्या भोंग्यावाल्या काय?"

"हो."

"मग आता काय बघायला आलात?"

आतून संदेशचा आवाज आला, "आई, येऊ दे गं त्यांना." तो भिंतीला टेकून बसलेला. पंचवीस-सव्वीसचा असेल. दोन वाक्यं बोलला की थांबतो, श्वास घेतो, मग पुढे. आधी पाणी तोच भरायचा. आता आई भरते आणि त्याला ते बघवत नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलं.

मी म्हटलं, त्या दिवशीचं सांगशील का?

"वास आलेला मॅडम मला. डोकं जड झालेलं. पण आम्हाला शिकवलेलं, भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं. नाय वाजला ना भोंगा. मला वाटलं, जेवलो नाय सकाळपासून, म्हणून गरगरतंय." थांबला. "भोंगा नसताच तिथे, तर मी वासावरच पळालो असतो."

प्राची, हे वाक्य मी तिथून घेऊन आलेय. आपण त्या भिंतीवर काहीच लावलं नसतं, तर तो मुलगा धडधाकट असता. त्याने स्वतःच्या नाकापेक्षा आपल्यावर जास्त विश्वास ठेवला.

"का नाय वाजला, मॅडम?"

"अजून माहीत नाही. शोधतेय."

"सापडल्यावर सांगाल?"

सांगेन म्हटलं. आवडाबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "सगळे सांगू म्हणतात. कारखान्याचा साहेब पण म्हणाला सांगू." मी म्हटलं, मी येईन. त्यांनी मान डोलावली नाही, पण निघताना पाणी विचारलं. इतक्या कष्टाने वर चढवलेलं पाणी मला प्यायचं नव्हतं. तरी प्यायले, कारण नाही म्हटलं असतं तर ते जास्त वाईट दिसलं असतं.

हे सगळं ओझं तुझ्यावर टाकायला लिहीत नाहीये. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ऑफिसात हल्ली असं कुणी उरलेलं नाही.

रुचिता

डोंबिवली, २१ जुलै

प्राची,

सापडलं.

मी पाचही फंक्शन्स सुटी केली. तुझ्या पद्धतीचा हा फायदा आता मला पटलाय. कुणाला कुणाची खबर नसते, म्हणून एकेकाला समोर बसवून विचारता येतं: हे घे, तू काय देतोस? मोज बरोबर. सरासरी बरोबर. ठरव बरोबर. गाळ आणि उघड, त्यांना जे करायला लिहिलंय ते चोख करतात. पाचही निर्दोष. मग कारखान्यातून मिळालेले गळतीच्या दिवशीचे आकडे घेतले आणि एकेक टप्पा जोडत नेला. मोज जोडलं, बघितलं. उघड जोडलं, बघितलं. आणि तिथून आकडे नाहीसे व्हायला लागले, गाळ जोडल्यावर उरलेलेही गेले. थोडेथोडके नाही, सगळे मोठे आकडे.

तू मोज लिहिलंस तेव्हा त्यातून नुसता आकडा बाहेर येतच नव्हता. 'आकडा किंवा बिघाड' असं बाहेर यायचं. करंट सेन्सरच्या मर्यादेबाहेर गेला, तर मोज म्हणायचं: बिघाड, माझ्यावर विसंबू नका. आणि तुझं सरासरी आणि तुझं ठरव ती बिघाडाची बातमी पुढे नेऊन भोंगा वाजवू शकतील असेच लिहिलेले. उघड मात्र त्यातला फक्त आकडा काढून घेतं आणि बिघाड फेकून देतं. त्यापुढे गाळ, ते फार मोठे आकडे 'अशक्य' म्हणून टाकून देतं. थोडी गळती असती तर भोंगा वाजला असता. पण त्या दिवशी गळती इतकी मोठी होती की अर्धे आकडे बिघाड म्हणून गेले आणि अर्धे अशक्य म्हणून. मागे राहिले गळतीआधीचे छोटे आकडे. सरासरीने त्यांची सरासरी काढली. ठरवने ठरवलं: सगळं ठीक.

उघड आणि गाळ तुझ्या हातचे वाटेनात. मी सर्वेशच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ विचारलं.

"ते होय? ते मी घातलं, ती गेल्यावर," तो म्हणाला. त्याने काही लपवलं नाही, हे लिहायला हवं. "अगं, लाइट गेली-आली की सेन्सरला झटका बसायचा आणि भोंगा बोंबलायचा. कस्टमर शिव्या घालायचे. म्हणून गाळ लिहिलं. ते जोडलं तर एरर येत होता, टाइप जुळत नाही म्हणून, मोज देतं 'आकडा किंवा बिघाड' आणि गाळला हवा नुसता आकडा. मग मध्ये उघड टाकलं. जुळलं की."

"सर्वेश, ते जुळत नव्हतं तेच बरोबर होतं. प्राचीने ते जुळू नये म्हणूनच तसं लिहिलेलं. तू जोडणारा तुकडा घालून जुळवलंस."

"प्रत्येक फंक्शन मी टेस्ट केलेलं."

"मीही केलं. सगळी पास आहेत."

मग त्याच्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून त्याला टप्पे दाखवले. चौथ्या टप्प्यावर तो खुर्चीत मागे रेलला. मग दार लावून घेतलं.

"दुरुस्त करू. पुढच्या अपडेटमध्ये जाईल. कुणाला काही कळवायची गरज नाही."

"हाच प्रोग्रॅम बाकीच्या सगळ्या युनिट्समध्ये चालू आहे. आत्ता, या मिनिटाला. डोंबिवलीत, अंबरनाथमध्ये. तिथल्या लोकांना वाटतंय भोंगा आहे."

"कळवलं तर कंपनी संपली, रुचिता."

"आज कळवायचं."

"तू घरी जा. डोकं शांत कर."

मी घरी आले.

रुचिता

डोंबिवली, ९ ऑगस्ट

प्राची,

दुपारचं लिहितेय. हल्ली दुपारी घरीच असते, काकूंनी सांगितलं असेलच. सर्वेशने दुसऱ्याच दिवशी मेल पाठवला: पुढची सूचना मिळेपर्यंत येऊ नये. मागच्या पत्रात 'मी घरी आले' एवढंच लिहिलं होतं, कारण तेव्हा जास्त लिहायची हिंमत नव्हती. आता आहे.

मेल वाचला, आंघोळ केली आणि रिक्षा करून एमआयडीसीत गेले. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात होतं, ते कुणी परत मागितलेलं नव्हतं. पहिल्या कारखान्यात गेटवरूनच परत पाठवलं. दुसऱ्यात ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या मालकाचं पत्र आणा." तिसरा रंगांचा कारखाना. तिथले मॅनेजर नयन देसाई. वयस्कर गृहस्थ, सगळं नीट ऐकून म्हणाले, "बाई, दर महिन्याला तुमचाच माणूस येऊन सेन्सरला टेस्टचा गॅस दाखवतो. भोंगा वाजतो. मी स्वतः उभा असतो."

"टेस्टचा गॅस थोडा असतो. थोडा असला की वाजतो. खूप असला की वाजत नाही."

"असं उलटं कसं होईल?"

"दाखवते."

सेन्सरच्या जागी हवा तेवढा करंट देणारं हातात मावणारं यंत्र माझ्या पर्समध्ये होतं. शेडबाहेर डिटेक्टरचं खोकं होतं, त्याला ते जोडलं. देसाईंनी लोकांना आधी सांगून ठेवलं, टेस्ट आहे. मी बटण हळूहळू फिरवलं. आकडा चढला, मर्यादा ओलांडली आणि भोंगा असा काही वाजला की पलीकडच्या शेडमधले लोक दारात आले. देसाई माझ्याकडे बघून हसले, म्हणजे, बघा, वाजतोय की. मी आणखी फिरवलं. आकडा चढतच होता, सेन्सरच्या पार टोकाला. थोड्या वेळात सरासरीतले आधीचे आकडे संपले, नवा एकही उरला नाही आणि भोंगा बंद पडला. वरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला.

त्या हिरव्या दिव्याइतकी भीतीदायक गोष्ट मी आजवर बघितलेली नाही. मी ते सगळं कागदावर समजून घेतलं होतं, टप्पा टप्पा. तरी मी पुन्हा एकदा वर बघून खात्री केली.

देसाई आत गेले आणि स्वतः उभं राहून शेड बंद करवली. बाहेर येऊन विचारलं, "हे तुम्ही तुमच्याच कंपनीविरुद्ध सांगत फिरताय?"

"कंपनीविरुद्ध नाही. हा जोडलेला प्रकार बंद होईपर्यंत फिरणार आहे."

त्यांनी माझ्यासमोर सर्वेशला फोन लावला. काय बोलले ते सांगत नाही, पण आवाज चढवला नाही, एवढं सांगते. मग बाकीच्या कारखान्यांच्या मॅनेजरांनाही त्यांनीच फोन केले. ज्या गेटवरून मला हाकललं होतं तिथे दुसऱ्या दिवशी मला खुर्ची मिळाली.

काल संध्याकाळी सर्वेशचा फोन आला. मला वाटलं आता नोटीस. तो म्हणाला, "सगळीकडे कळवलंय. सिस्टिम बंद समजा, माणूस उभा करा, असं लेखी दिलंय." मग म्हणाला, "रुचिता, मला तो मुलगा डोळ्यांपुढून जात नाही. तू ये. हे नीट कसं करायचं, ते मला कळत नाहीये."

मी दोन गोष्टी सांगितल्या. खुलाशातून तुझं नाव जाईल. आणि दुरुस्ती मी एकटी करणार नाही, तो शेजारी बसेल आणि शिकेल. हो म्हणाला. सोमवारी जातेय.

रुचिता

डोंबिवली, ५ ऑक्टोबर

प्राची,

तुझं पाकीट आलं. तारीख जूनची, शिक्का ऑगस्टचा. म्हणजे लिहून तुझ्याकडेच पडून होतं. 'टिंब म्हणजे नंतर. उजवीकडून वाच. मोजमधून बाहेर येतं तो नुसता आकडा नसतो, हे विसरू नकोस.' एवढंच, खाली नावही नाही.

मला हसू आलं आणि मग राग आला. तो लिहूनच टाकते, पोटात ठेवून तुझ्यासमोर येणं मला जमणार नाही. हेच तू तेव्हा ऑफिसात सांगितलं असतंस तर? सर्वेशला, मला, कुणालाही? तुझा कोड बरोबर होता. बिघाडाची बातमी वाटेत हरवू नये म्हणून तू किती विचार केलेला, ते आता ओळीओळीत दिसतं आणि मला तुझा अभिमान वाटतो. पण तू बरोबर होतीस ती एकटीच. तो एरर सर्वेशला सांगत होता की इथे जोडू नकोस, आणि त्याला ते ऐकू आलं नाही, कारण ती भाषा तू कुणाला शिकवलीच नव्हतीस. जो विचारेल त्याला तू मूर्ख ठरवायचीस. मग लोकांनी विचारणं सोडलं.

चूक त्यानेच केली, हे त्याने स्वतः सांगितलंय. ठाण्यात अपघाताची चौकशी झाली, तिथे मी टप्पे दाखवायला उभी होते. पण मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "गाळणी मी घातली. मूळ प्रोग्रॅम लिहिणारीचा यात दोष नाही." हे तुला माझ्याकडूनच कळावं असं मला वाटलं. पुढे कंपनीचं काय व्हायचं ते होईल. बरेच कस्टमर गेले, वागळे इस्टेटमधली मोठी जागाही सोडली, आता दोन खोल्यांत बसतो. देसाई मात्र आमच्याकडेच थांबले.

दुरुस्ती अशी केली. उघड काढून टाकलं. गाळ आता काहीही फेकत नाही. मर्यादेबाहेरच्या आकड्याला तेही 'बिघाड' म्हणतं आणि पुढे देतं. लाइटचा झटका क्षणभराचा असतो आणि गळती टिकते, म्हणून ठरव बिघाड किती वेळ टिकतोय ते बघतं. टिकला की भोंगा. गॅस असो, सेन्सर मेलेला असो, भोंगा. सगळ्या जोडण्या तुझ्याच पद्धतीच्या आहेत. फक्त आता सुटे तुकडे तपासून आम्ही थांबत नाही, पूर्ण जोडलेली ओळही टोकाच्या आकड्यांवर चालवून बघतो. आणि ओळीच्या वर मी मराठीत एक परिच्छेद लिहिलाय: ही ओळ उजवीकडून वाचायची, या टप्प्याला काय येतं, पुढे काय जातं, आणि जुळत नसेल तर जुळवू नका, आधी विचारा. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना सर्वेश तो परिच्छेद स्वतः वाचून दाखवतो.

दिव्यालाही गेले, सांगितल्याप्रमाणे. संदेशला सगळं सांगितलं. त्याच्या कामाच्या भाषेतच सांगितलं: धुलाई, पिळणी, वाळवणी, तिन्ही मशिनं चांगली आहेत, पण धुलाईतून आलेला खराब माल मध्येच कुणी काढून फेकला आणि पुढे सांगितलंच नाही, तर वाळवणीवाल्याला कसं कळणार? त्याला लगेच कळलं. आवडाबाई भाजी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे खोटं कुणी बोललं नाही, पण खरंही कुणी सांगितलं नाही." मी हो म्हटलं. पोराची छाती याने बरी होणार नाही हे त्यांना माहीत आहे, आणि मलाही.

परवा संदेशच्या कारखान्यात नव्या प्रोग्रॅमची टेस्ट होती. त्याला आता तिथेच गेटवर बसून करायचं काम दिलंय. मी यंत्र जोडलं आणि बटण थेट टोकाला नेलं. भोंगा सुरू झाला. मी थांबले. वाजत राहिला. दोन्ही बाजूंच्या शेड रिकाम्या झाल्या, लोक मैदानात आले, तरी वाजत राहिला. बघते तर संदेश गेटवरून उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलेला. टेस्ट आहे हे त्याला माहीत होतं. मी विचारलं, "अरे, तू का पळालास?" धाप लागलेली, तरी हसत होता. म्हणाला, "वाजला ना मॅडम."

आता तुझं-माझं. काकूंनी सांगितलं, दिवाळीला येतेयस. कुणाला कळू देऊ नको म्हणालीस, तरी सांगितलं. पुन्हा सांगते, त्यांच्यावर चिडू नकोस.

मी येणार आहे. कामाचं काही नाही, कोडमधलं मला आता काहीही विचारायचं नाहीये. वर जे रागाने लिहिलंय ते तुझ्या तोंडावर एकदा म्हणायचंय, मग तुझं जे असेल ते ऐकायचंय, कॉपी-पेस्टवालीपासून पुढे सगळं. त्यानंतर जमलं तर काकूंच्या हातचं जेवून निघेन. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. तुझी ती एक ओळ कळेपर्यंत मी तिच्यासमोर किती दिवस बसले ते तुला माहीत नाही. तुझ्यासाठी त्याहून जास्त बसायची माझी तयारी आहे.

रुचिता